स्कीचे बाइंडिंग निवडताना

गुलमर्ग, औली किंवा मनालीजवळील सोलंग येथे जाऊन स्कीइंगचे प्राथमिक धडे घेऊन आलेले, त्याचप्रमाणे नोकरीनिमित्त म्युनिक, झुरिक, डेन्व्हर अशा हिमप्रदेशालगतच्या शहरांत स्थायिक झालेले अनेक मराठी वाचक एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारीत असतात : "माझे वजन पंच्याऐंशी किलो आहे, तर मला किती अंकाचे बाइंडिंग लागेल?" प्रश्न साधा दिसतो, परंतु त्यात दोन गैरसमज एकमेकांत गुंतलेले आहेत. बाइंडिंग ज्या अंकापर्यंत जाऊ शकते तो अंक, आणि ते आपल्यासाठी ज्या अंकावर लावावयाचे तो अंक, या दोन भिन्न गोष्टी होत. आणि त्यांपैकी कोणतीही एकट्या वजनावरून ठरत नाही. हा भेद ध्यानात न आल्यामुळे एखादा धिप्पाड गृहस्थ सोळा अंकांपर्यंत जाणारे अवजड बाइंडिंग 'मजबूत' म्हणून विकत घेतो, तर एखादी सडपातळ विद्यार्थिनी थोरल्या भावाच्या स्कीवर, त्याच्याच अंकावर, बेलाशक उतारावर उभी राहते.

स्की आणि बूट यांच्या खरेदीत आठवडेच्या आठवडे चौकशी करणारा मनुष्य बाइंडिंगच्या बाबतीत मात्र दुकानदाराच्या हाताला जे लागेल ते निमूटपणे पत्करतो, ही गोष्ट मला फार खटकते. कारण पडण्याच्या क्षणी पायाचे हाड शाबूत राहणार की नाही, हे त्या मूठभर धातूच्या आणि प्लास्टिकच्या तुकड्यांवर अवलंबून असते.

बाइंडिंगकडून काय अपेक्षावे

बाइंडिंगकडे परस्परविरोधी अशी दोन कामे सोपविलेली असतात. उतारावरून जात असता बूट इतका घट्ट धरावयाचा की पायाची किंचितशी कलती हालचालसुद्धा स्कीच्या कडेपर्यंत पोहोचावी, आणि पडताना नडगीच्या हाडावर धोक्याचा ताण येऊ लागताच तोच बूट तत्काळ सोडून द्यावयाचा. पाय पिळला जाऊ लागला की पुढचा भाग, म्हणजे टो-पीस, बुटाला आडवी वाट देतो. शरीर पुढे तोंडावर फेकले गेले की मागचा भाग, म्हणजे हील-पीस, टाच वर सुटू देतो. या दोन्ही भागांतील स्प्रिंग किती ताणली आहे हे दाखविणारा, लहानशा खिडकीत दिसणारा अंक म्हणजे 'डिन'. हे नाव जर्मनीच्या मानक-संस्थेवरून पडले. अंक ठरविण्याची आणि तपासण्याची रीत आज आयएसओ ११०८८ या आंतरराष्ट्रीय मानकात लिहून ठेवलेली आहे.

पूर्वी असे काही नव्हते. बूट चामड्याच्या पट्ट्यांनी आणि तारेच्या दोराने स्कीला जखडलेला असे, आणि मनुष्य पडला की स्की तरफेसारखी फिरून पाय मोडी. नॉर्वेत जन्मलेले आणि अमेरिकेतील ओरेगॉनमध्ये स्थायिक झालेले हाल्मर ह्वाम यांचा पाय १९३७ साली असाच मोडला, आणि त्या दुखण्यातूनच त्यांनी आपोआप सुटणारे बाइंडिंग सिद्ध केले. पुढे १९५२ साली जर्मनीच्या हानेस मार्कर यांनी आपले पहिले सुटणारे टो-पीस बाजारात आणले. आजची सारी बाइंडिंग त्याच विचाराची वारस आहेत.

येथेच एक मर्यादा स्पष्ट केली पाहिजे, कारण तिच्याविषयी विक्रेते क्वचितच बोलतात. बाइंडिंगची सारी योजना नडगीचे हाड वाचविण्यासाठी आहे. मनुष्य मागे बसल्यासारखा पडतो आणि स्कीचे शेपूट बर्फात रुतून गुडघा आत पिळला जातो, तेव्हा गुडघ्यातील अस्थिबंध तुटण्याचा जो संभव असतो, तो साधे बाइंडिंग पुष्कळदा ओळखूच शकत नाही. म्हणून योग्य अंक लावला असला तरी मागे बसून पडू लागल्यावर पुन्हा उठण्याची धडपड करू नये. सरळ पडून जावे.

आपला अंक कसा ठरतो

अंक काढण्यास पुढील पाच गोष्टी लागतात, आणि त्या सांगताना तिळमात्र संकोच करू नये :

- वजन, अंगावरील सामानाविना. पाठीवरील पिशवीचे ओझे यात मिळवावयाचे नसते. वजन येथे हाडाच्या मजबुतीचे अनुमान म्हणून घेतले जाते, आणि पिशवीमुळे हाड जाड होत नाही.
- उंची.
- वय. नऊ वर्षे किंवा त्याहून कमी, तसेच पन्नास वर्षे किंवा त्याहून अधिक वय असल्यास अंक एक पायरी खाली येतो.
- बुटाच्या तळाची लांबी, मिलिमीटरमध्ये. हा आकडा बहुधा बुटाच्या टाचेजवळ बाजूला कोरलेला असतो. बुटाचा नंबर निराळा आणि ही लांबी निराळी.
- स्कीइंगची रीत, जिचा विचार पुढे स्वतंत्रपणे केला आहे.

तक्त्यात वजन आणि उंची यांच्या प्रत्येक पट्ट्याला एकेक रोमन अक्षर दिलेले असते. उदाहरणार्थ, ६७ ते ७८ किलो वजन आणि १६७ ते १७८ सेंटिमीटर उंची यांना 'के', तर ७९ ते ९४ किलो आणि १७९ ते १९४ सेंटिमीटर यांना 'एल'. वजनाचे अक्षर एक आणि उंचीचे दुसरे निघाल्यास त्यांपैकी सौम्य, म्हणजे कमी अंकाकडे नेणारे अक्षर धरावे, असा दंडक आहे. मध्यम वयात वजन वाढलेल्या आपल्या अनेक वाचकांना हा दंडक विशेष महत्त्वाचा वाटावा. पोटाचा घेर वाढला म्हणून नडगी काही त्या मानाने बळकट झालेली नसते.

एक उदाहरण घेऊ. चौपन्न वर्षांचे एक गृहस्थ आहेत. वजन ८८ किलो, उंची १६८ सेंटिमीटर, बुटाचा तळ ३०५ मिलिमीटर, रीत मध्यम. वजनावरून 'एल' आणि उंचीवरून 'के' येते, म्हणून 'के' धरावयाचे. मध्यम रीतीमुळे एक पायरी वर, वयामुळे एक पायरी खाली, आणि अखेर पुन्हा 'के'च. तक्त्यात त्यापुढे ५ हा अंक सापडतो. आता त्याच ८८ किलो वजनाचा, त्याच लांबीच्या बुटाचा, परंतु अठ्ठावीस वर्षांचा, १८३ सेंटिमीटर उंच आणि तीव्र उतारांवरून वेगाने उतरणारा एक तरुण घ्या : त्याचे मूळ अक्षर 'एल', आणि त्याच्या रीतीमुळे दोन पायऱ्या वर, म्हणजे अंक साडेआठ. वजन तेच, तळ तोच, आणि अंकात साडेतीनाचे अंतर. "पंच्याऐंशी किलोला किती?" या प्रश्नाचे एका शब्दात उत्तर का देता येत नाही, हे यावरून कळून यावे.

बुटाचा तळ लांब असला की अंक कमी होतो, याचे आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. तळ ही एक तरफ आहे. ती जितकी लांब तितक्या कमी जोराने हाडावर तोच पीळ पडतो. म्हणूनच बूट बदलला की अंक पुन्हा काढला पाहिजे, मग स्की आणि बाइंडिंग जुनीच का असेनात. स्त्री आणि पुरुष असा भेद मात्र तक्त्यात नाही.

हे गणित आपल्याला समजावे म्हणून दिले आहे. प्रत्यक्ष अंक लावण्याचे काम प्रशिक्षित कारागिराने आणि मोजणीयंत्राच्या साक्षीनेच व्हावे. खिडकीत ५ दिसत असले तरी झिजलेली स्प्रिंग वा गंजलेली पट्टी यांमुळे प्रत्यक्ष सुटण्याचा जोर निराळा असू शकतो, आणि ते केवळ यंत्रावरच उमगते.

रीत सांगताना अभिमान आड येऊ देऊ नये

मानकाने स्कीइंग करणाऱ्यांचे तीन प्रकार मानले आहेत. पहिला प्रकार सावधपणे, कमी वेगाने, सौम्य ते मध्यम उतारांवर जाणाऱ्यांचा; पडताना बाइंडिंग लवकर सुटावे आणि त्यापायी ते क्वचित अकारण सुटले तरी चालेल, अशी त्यांची तयारी असते. तिसरा प्रकार वेगाने, तीव्र उतारांवर, आक्रमकपणे जाणाऱ्यांचा. पाय अवेळी सुटू नये म्हणून, पडताना तो न सुटण्याचा धोका ते जाणूनबुजून पत्करतात. जो या दोहोंत बसत नाही तो दुसऱ्या प्रकारातला. नवशिक्या मनुष्य नेहमी पहिल्याच प्रकारात मोडतो.

हे तीन प्रकार कौशल्याच्या इयत्ता नव्हेत, हे मी आग्रहाने सांगू इच्छितो. वीस हंगाम काढलेला निष्णात मनुष्यही, गुडघा दुखावलेला आहे म्हणून किंवा केवळ मुलांबरोबर सावकाश फिरावयाचे आहे म्हणून, पहिला प्रकार निवडू शकतो, आणि त्यात त्याचा कसलाही अपमान नाही. अर्जावर खूण करताना शेजारी मित्र उभे आहेत म्हणून 'तिसरा' लिहिणे, किंवा वजन पाच किलो कमी सांगणे, ही स्वतःच्याच शरीराशी केलेली खोटी कबुलायत होय. वजन कमी सांगणाऱ्याचे बाइंडिंग भलत्या ठिकाणी सुटते, आणि रीत वाढवून सांगणाऱ्याचे सुटावयास हवे तेव्हा सुटत नाही.

विकत घेताना मर्यादा कोणती पाहावी

प्रत्येक बाइंडिंगवर त्याच्या अंकांची किमान आणि कमाल मर्यादा छापलेली असते : ३ ते १०, ४ ते १३, ६ ते १६ इत्यादी. आपला अंक या मर्यादेच्या साधारण मध्यभागी यावा, निदान दोन्ही टोकांपासून दूर असावा. पुढे वजन, वय किंवा बूट बदलला तर फिरविण्यास वाव राहतो. वरच्या उदाहरणातील गृहस्थांना ३ ते १० किंवा ११ पर्यंतचे बाइंडिंग शोभेल, तरुणाला ४ ते १३ चे. सहापासून सुरू होणारे बाइंडिंग त्या गृहस्थांसाठी महाग आणि जड तर आहेच, परंतु मुख्य म्हणजे ते पाचावर लावताच येत नाही. पन्नास किलो वजनाच्या, साधारण १५५ सेंटिमीटर उंचीच्या आणि सावध रीतीच्या स्त्रीचा अंक साडेतीनाच्या आसपास येतो. तिने चारापासून सुरू होणारे बाइंडिंग, ते कितीही सवलतीत मिळत असले तरी, घेऊ नये. कमाल अंक मोठा असलेल्या बाइंडिंगमध्ये धातू अधिक असतो हे खरे, पण तो टिकाऊपणा ज्याला हवा त्यालाच उपयोगी.

रीतीप्रमाणे बाइंडिंगची जातही बदलते :

- लिफ्टने वर जाऊन केवळ उतरावयाचे असल्यास साधे अल्पाइन बाइंडिंग. यात सुटण्याची क्रिया सर्वांत विश्वसनीय असते. नवशिक्यांनी दुसऱ्या कशाचा विचारही करू नये.
- स्कीच्या तळाला चढाईची कातडी लावून स्वतःच्या पायांनी डोंगर चढावयाचा असल्यास पिन बाइंडिंग. ऑस्ट्रियाच्या फ्रिट्झ बार्थेल यांनी १९८० च्या दशकात ही युक्ती काढली : बुटाच्या टोकाला दोन बाजूंनी दोन पिना धरतात, टाच मोकळी राहते, आणि वजन फारच थोडे भरते. यासाठी बुटात धातूच्या खाचा असाव्या लागतात. चढताना पुढची कळ कुलूपबंद केलेली असते. उतरण्यापूर्वी ती उतरणीच्या स्थितीत आणावयाचे राहून गेले तर पाय सुटणार नाही.
- दोन्ही थोडेथोडे करावयाचे असल्यास चढताना पिना आणि उतरताना अल्पाइन, अशी मिश्र बाइंडिंग मिळतात; सालोमनचे 'शिफ्ट' हे त्यांपैकी एक. गुलमर्गच्या गोंडोलाच्या दुसऱ्या टप्प्याने अफरवटच्या खांद्यापर्यंत जाऊन तेथून पुढे पायी चढणाऱ्या अनुभवी मंडळींना ती सोयीची पडतात. मात्र त्यांच्या कळा अधिक, म्हणून चुकण्याच्या जागाही अधिक.

बूट सुटल्यावर स्कीला थांबविणारा बाइंडिंगचा ब्रेकही पाहावा : त्याची रुंदी स्कीच्या मधल्या रुंदीइतकी, किंवा फार तर पंधरा मिलिमीटरांनी जास्त असावी. तो अरुंद असला तर स्कीवर बसतच नाही. फार रुंद असला तर कडेवर कलताना बर्फात अडकतो.

बुटाचा तळ आणि बाइंडिंग यांचा मेळ

सर्वांत अधिक घोटाळे येथे होतात, कारण डोळ्यांना सारे बूट सारखेच दिसतात. सपाट, कडक तळाचा पारंपरिक अल्पाइन बूट आयएसओ ५३५५ या मानकाचा. चालण्यास सोपा म्हणून किंचित वक्र आणि रबरी तळाचा 'ग्रिपवॉक'. आणि चढाईचा, खोल नक्षीच्या रबराचा बूट आयएसओ ९५२३ चा. जुनी अल्पाइन बाइंडिंग केवळ पहिल्या जातीसाठी घडविलेली असतात. त्यांत ग्रिपवॉकचा बूट 'बसतो', टाच खटकन आवाजही करते, आणि तरीही पीळ पडल्यावर तो सुटेल याचा भरवसा नसतो, कारण रबर खालच्या सरकपट्टीवर घसरण्याऐवजी चिकटून बसते. म्हणून बाइंडिंगवर ग्रिपवॉकचा शिक्का आहे की नाही, किंवा एकाहून अधिक तळांना चालणारे असे त्याच्या माहितीपत्रकात स्पष्ट लिहिले आहे की नाही, हे पाहिल्यावाचून खरेदी करू नये. पाय बसला एवढ्यावर समाधान मानू नये.

पाय वारंवार सुटत असेल तर

पहिला विचार अंक वाढविण्याचा येतो, आणि तोच बहुधा चुकीचा असतो. क्रमाने पुढील गोष्टी तपासाव्यात :

1. बुटाखाली बर्फाचा थर दबलेला आहे काय? तळ काठीने खरवडून मगच पाय घालावा.
2. हील-पीस बुटाला पुढे किती दाबून धरते याची खूण योग्य जागी आहे काय? बूट बदलल्यावर ही जुळवणी हमखास राहून जाते.
3. बुटाचा तळ पायी चालून चालून गोलसर झिजला आहे काय?
4. बुटात पाय सैल आहे काय? सैल बुटातील धक्के बाइंडिंगला बसतात.

हे सारे ठीक असूनही पाय सुटत राहिला, तरच कारागिराकडून अंक अर्ध्या-अर्ध्याने वाढवून घ्यावा, आणि डाव्या-उजव्या दोन्ही स्कींचा एकदमच.

भाड्याने घेताना

माझ्या पहिल्या शिक्षणाच्या वेळी भाड्याच्या दुकानात मला केवळ बुटाचा नंबर विचारण्यात आला. वजन, उंची, वय यांतले काहीही नाही. तिसऱ्या दिवशी, एका अगदी सौम्य उतारावर, जवळजवळ थांबलेल्या अवस्थेत मी आडवा पडलो. उजवी स्की बर्फात रुतून राहिली, पाय पिळला गेला, आणि बाइंडिंग सुटले नाही. संध्याकाळी स्की उजेडात धरून पाहिली तेव्हा उजवीकडचा अंक सात आणि डावीकडचा साडेचार निघाला. सहा आठवडे गुडघ्याला पट्टा बांधून मी घरात बसलो होतो. माझी स्वतःची कसूर एवढीच की मी खिडकीत पाहिले नव्हते. म्हणून दुकान सोडण्यापूर्वी पुढील तपासणी प्रत्येकाने स्वतः करावी, रांग कितीही मोठी असो :

- चार खिडक्या, दोन पुढच्या आणि दोन मागच्या. चारही ठिकाणचा अंक पाहावा; डावा-उजवा सारखा असावा.
- वजन, उंची, वय आणि रीत आपण होऊन सांगावी, आणि बुटावर कोरलेली तळाची लांबी वाचून दाखवावी.
- ब्रेक दाबून सोडून पाहावेत. स्की निसटली तर खालच्या माणसाचा जीव त्यांवर अवलंबून असतो.
- सपाट जागी उभे राहून, बूट नीट आवळून, एका पायाने स्कीचे टोक हळूहळू आत पिळून पाहावे. धसमुसळेपणा न करता पुढचा भाग सुटावा. गुडघा पूर्वी दुखावलेला असल्यास हा प्रयोग करू नये.

एखाद्या स्कीइंग-संस्थेच्या शिक्षणवर्गात साहित्य शुल्कातच मिळते, म्हणून पुष्कळांना तेथे विचारण्याचा संकोच वाटतो. शिक्षकाला विचारावे, चांगला शिक्षक त्याचे स्वागतच करतो.

पावती, नोंद आणि आपला हक्क

युरोप-अमेरिकेतील जबाबदार दुकाने आपले पाच तपशील, लावलेला अंक आणि आपली सही असलेला कागद तयार करतात. त्याची प्रत मागून घ्यावी. रीतीचा प्रकार निवडण्याचा अधिकार आपला आहे. दुकानदाराने तो परस्पर ठरवू नये. तक्त्याहून वेगळा अंक हवा असल्यास तसे लेखी नोंदवून घ्यावे लागते, आणि मग जबाबदारी आपल्याकडे येते.

भारतात ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ भाड्याने दिलेल्या सेवेलाही लागू आहे, आणि पावती देण्यास नकार देणे ही त्या कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरते. पावतीवर स्कीचा आणि बुटाचा क्रमांक लिहून घ्यावा, आणि चारही खिडक्यांचे छायाचित्र काढून ठेवावे. सदोष साहित्यामुळे इजा झाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक साहाय्यक्रमांकावर तक्रार नोंदविता येते. आणि जिल्हा आयोगाकडे जावयाचे झाल्यास फिर्याद आपण जेथे राहतो त्या जिल्ह्यात दाखल करता येते. पुण्याच्या माणसाने त्यासाठी काश्मीरपर्यंत खेपा घालण्याचे कारण नाही. मुदत दोन वर्षांची आहे.

जुने बाइंडिंग घ्यावे काय?

शक्यतो घेऊ नये. प्लास्टिक वयाने ठिसूळ होते, आणि अमेरिकेत तर उत्पादक ज्या बाइंडिंगची जबाबदारी अजून घेतात त्यांची दरवर्षी एक यादी काढतात. त्या यादीतून बाहेर पडलेल्या बाइंडिंगला जबाबदारीच्या धास्तीने दुकाने हातही लावीत नाहीत. घेतलेच, तर अगोदर दुकानात नेऊन यंत्रावर तपासून घ्यावे आणि मगच पैसे द्यावेत. स्वतःच्या बाइंडिंगचीही अशी तपासणी दर हंगामाच्या आरंभी व्हावी. परदेशातून स्की घेऊन मुंबई-कोकणाकडे परतलेल्यांनी, पावसाळा लागण्यापूर्वी बाइंडिंग ओल्या फडक्याने पुसून, पूर्ण वाळवून, कोरड्या जागी ठेवावे. स्प्रिंगवरील वंगण रॉकेलने किंवा अन्य द्रावणाने धुऊन काढू नये. पुढच्या हिवाळ्यात पिशवी उघडाल तेव्हा, मधल्या काळात पन्नाशी ओलांडली असेल, वजनाचा पट्टा बदलला असेल किंवा नवा बूट घेतला असेल, तर जुना अंक तसाच ठेवू नये. तो पुन्हा काढून घ्यावा.